पॅप स्मिअरचा रिपोर्ट खराब आला आहे. पिशवी काढणे हाच उपाय आहे का?

बोरीकाठ, अमळनेर

सर्वांना नमस्कार. माझ्या मोठ्या जाऊबाईंचे वय ४१ आहे, त्यांना दोन मुले आहेत आणि प्रकृतीचा विशेष त्रास नाही. बचत गटाच्या आरोग्य शिबिरात त्यांची पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची) तपासणी झाली आणि रिपोर्टवर ‘एलएसआयएल’ असे लिहून आले. शिबिरातील डॉक्टरीणबाईंनी कॉल्पोस्कोपी करून घ्या असे सांगितले. आम्ही नेहमी ज्या दवाखान्यात जातो तेथे मात्र रिपोर्ट पाहताच सल्ला मिळाला की दोन मुले झालेली आहेत, आता पिशवी ठेवून काय करायचे, काढून टाका म्हणजे कायमची चिंता मिटेल. सासूबाईंनीही तेच धरून ठेवले आहे: ‘काढी टाक माय, कटकट मिटी जाई.’

जाऊबाई पूर्ण घाबरून गेल्या आहेत. त्यांनी माहेरी काहीही कळवलेले नाही आणि जेवणावरची वासना उडाली आहे. घाईने पिशवी काढू नये आणि भीतीपोटी रिपोर्ट कपाटात ठेवूनही देऊ नये, असे माझे मत आहे. पण घरात माझ्या मताला आधार हवा. एलएसआयएल म्हणजे कर्करोग असतो का? कॉल्पोस्कोपीत नेमके काय करतात? आणि पिशवी काढण्यावाचून दुसरा मार्ग आहे की नाही? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

केळीचे_पान, रावेर

ताई, सर्वप्रथम जाऊबाईंना सांगा की एलएसआयएल म्हणजे कर्करोग नव्हे. माझा रिपोर्ट हाच आला होता. कॉल्पोस्कोपीच्या वेळी डॉक्टरांनी दोन ठिकाणचे बारीक तुकडे तपासणीसाठी घेतले आणि त्यात ‘सीआयएन १’ (पेशींतील पूर्वबदलांची सर्वांत सौम्य पायरी) निघाले. मला एकही गोळी दिली नाही; फक्त एका वर्षाने पुन्हा या, असे सांगितले. औषध नाही याचाच मला राग आला होता, कारण आजार आहे म्हटल्यावर औषध हवेच असे आपल्याला वाटते. वर्षाने एचपीव्हीची, म्हणजे या बदलांमागच्या विषाणूची, तपासणी केली ती निगेटिव्ह आली. आज मी बागेत पूर्वीसारखीच कामाला जाते.

पांझराकाठचा_डॉक्टर, धुळे

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. कोणत्याही रुग्णाला न तपासता उपचार सुचवणे योग्य नाही, त्यामुळे मी फक्त या रिपोर्टचा अर्थ आणि त्यानंतरची रीत सांगतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गात असते. या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार आहेत, त्यांपैकी सुमारे १४ धोक्याचे मानले जातात, आणि १६ व १८ हे दोनच प्रकार जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख कर्करोगांना कारणीभूत आहेत. हा संबंध दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा संसर्ग आयुष्यात कधी ना कधी होतो आणि दहापैकी नऊ जणींमध्ये शरीर स्वतःच दोन वर्षांच्या आत तो आटोक्यात आणते. ज्यांच्यात तो टिकून राहतो त्यांच्यातही कर्करोग व्हायला साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या स्त्रियांमध्ये हा काळ ५ ते १० वर्षांवर येऊ शकतो, म्हणून एचआयव्ही असलेल्या स्त्रियांची तपासणी लवकर सुरू करतात आणि अधिक वेळा करतात.

आता रिपोर्टवरील अक्षरांविषयी. ‘एनआयएलएम’ म्हणजे वावगे काही आढळले नाही. ‘एएससी-यूएस’ म्हणजे पेशी किंचित वेगळ्या दिसतात, पण निश्चित सांगता येत नाही. अशा वेळी एचपीव्ही तपासणी करतात किंवा वर्षाने पुन्हा स्मिअर घेतात. ‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल, बहुतेक वेळा चालू संसर्गाची खूण. ‘एएससी-एच’ आणि ‘एचएसआयएल’ हे गंभीर शेरे आहेत आणि त्यांत कॉल्पोस्कोपीला उशीर करू नये. ‘एजीसी’ हा शेरा क्वचित येतो, मात्र तो आल्यास गर्भाशयमुखाच्या आतील मार्गाची आणि ३५ वर्षांवरील स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचीही तपासणी करावी लागते. यांपैकी कोणताही शेरा हे निदान नाही. स्मिअर ही चाळणी आहे. निदान तुकड्याच्या तपासणीवर, म्हणजे बायॉप्सीवर ठरते. निदान झालेले नसताना शस्त्रक्रियेचा सल्ला देणे मला मान्य नाही.

जाऊबाईंनी कॉल्पोस्कोपी करून घ्यावी. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील स्त्रीरोग विभागात प्रथम चौकशी करा, कारण यंत्र कोणत्या दिवशी चालू असते हे विचारून गेल्यास फेरी वाया जात नाही.

शिरपूरची_लेक

डॉक्टर, कॉल्पोस्कोपीत नेमके काय करतात हे लिहाल का? माझ्या बहिणीला तारीख मिळाली आहे आणि ती ऑपरेशन समजून रडते आहे.

पांझराकाठचा_डॉक्टर, धुळे

ताई, भूल नाही, टाके नाहीत आणि भरती होण्याची गरज नाही. अंतर्गत तपासणीच्या टेबलावर झोपवून, स्मिअर घेताना वापरतात तेच उपकरण बसवतात. कॉल्पोस्कोप हे बाहेर उभे असलेले भिंगाचे यंत्र आहे. ते शरीरात जात नाही. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिडचा बोळा ठेवतात. स्वयंपाकातल्या व्हिनेगरमध्येही हेच आम्ल असते. थोडी चुरचुर होते. एखाद्या मिनिटात जेथे पेशी बदललेल्या असतात तेथे पांढरा डाग उमटतो. त्यानंतर आयोडीन लावतात. निरोगी भाग गडद तपकिरी होतो आणि बदललेला भाग पिवळसर राहतो. संशयाच्या जागेवरून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, त्या वेळी चिमटा बसल्यासारखे वाटते. रक्त थांबवण्यासाठी जे औषध लावतात त्यामुळे पुढचे दोन-चार दिवस काळपट स्राव जाऊ शकतो, तो पाहून घाबरू नये. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. पाळीचे दिवस टाळून जावे आणि आधीचे दोन दिवस योनिमार्गात कोणतेही औषध किंवा क्रीम वापरू नये. बहीण गरोदर असेल तर ते आधीच सांगावे. गरोदरपणात कॉल्पोस्कोपी करता येते, मात्र उपचार बहुधा बाळंतपणानंतर करतात.

काचपट्टी, भुसावळ

मी अनेक वर्षे पेशीतपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम केले, त्यामुळे रिपोर्टच्या मागची बाजू सांगतो. नमुना काचपट्टीवर पसरवल्यानंतर ती पट्टी ताबडतोब, म्हणजे हातातल्या हातात, ९५ टक्के अल्कोहोलच्या बरणीत बुडवावी लागते. शिबिरात पन्नास स्त्रियांची रांग असते, पंखा चालू असतो, नोंदवही लिहिणारी ताई एकटी असते आणि पट्टी तेवढ्यात वाळते. वाळलेल्या पट्टीवरच्या पेशी फुगतात, केंद्रक मोठे दिसते आणि वाचणाऱ्याला शंका येते. उलट रक्त किंवा पू जास्त असला तर खऱ्या बिघडलेल्या पेशी झाकल्या जातात. म्हणून ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ असा शेरा आल्यास त्याला ‘ठीक आहे’ समजू नये. दोन ते चार महिन्यांत नमुना पुन्हा द्यावा.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे नेहमी दिसे. काचपट्टीच्या घासलेल्या कडेवर पेन्सिलीने क्रमांक आणि नाव लिहितात. गावात एकाच आडनावाच्या अनेक स्त्रिया असतात, त्यांत दोघींची नावेही सारखी असली की पट्टीवर नवऱ्याचे नाव किंवा वय असणे फार गरजेचे ठरते. रिपोर्ट हाती आला की प्रथम आपले पूर्ण नाव, वय आणि नमुना घेतल्याची तारीख जुळते का ते पाहावे.

शिरपूरची_लेक

काका, हे कधी कोणी सांगितले नव्हते. बहिणीचे वय रिपोर्टमध्ये चुकीचे आहे, उद्याच विचारते.

अनामिका, जळगाव

मला एक वेगळी गोष्ट विचारायची आहे आणि ती नाव न सांगताच विचारते. माझा एचपीव्ही पॉझिटिव्ह आला आहे. हा विषाणू संबंधातून पसरतो हे माझ्या यजमानांनी मोबाइलवर वाचले आणि तेव्हापासून घरात अबोला आहे. आमच्या लग्नाला १६ वर्षे झाली. मी कोणालाही तोंड दाखवू शकणार नाही असे मला वाटू लागले आहे. यजमानांचीही तपासणी करावी का?

पांझराकाठचा_डॉक्टर, धुळे

ताई, तुमच्या पोस्टचे उत्तर तुम्ही यजमानांना दाखवू शकता, म्हणून स्पष्ट लिहितो. पॉझिटिव्ह रिपोर्टवरून संसर्ग कोणाकडून आणि कधी झाला हे जगातील कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. हा विषाणू अनेक वर्षे सुप्त राहून पुन्हा आढळू शकतो. तो लग्नाआधीच्या काळातला असू शकतो, दोघांपैकी कोणाहीकडून आलेला असू शकतो, आणि एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ असलेल्या स्त्रीलाही होतो. पुरुषांसाठी याची नियमित वापरातली मान्यताप्राप्त तपासणी उपलब्ध नाही, त्यामुळे यजमानांना प्रयोगशाळेत पाठवून काहीही सिद्ध होणार नाही. तुम्हाला १६ किंवा १८ हा प्रकार आहे का, ते रिपोर्टमध्ये पाहा. तसे असेल तर स्मिअर चांगला असला तरी कॉल्पोस्कोपी करून घ्यावी. चारित्र्याच्या चर्चेत हा वेळ जाऊ देऊ नका.

केळीचे_पान, रावेर

अनामिकाताई, तोंड लपवण्यासारखे तुम्ही काहीही केलेले नाही. पुढच्या तारखेला यजमानांना सोबत घेऊन जा आणि हेच प्रश्न त्यांना डॉक्टरांसमोर विचारू द्या. माझ्या यजमानांचा गैरसमज तसाच दूर झाला. घरात माझ्या सांगण्याने तो दूर झाला नसता.

जुने_गाव, पारोळा

येथे सर्वजण पिशवी काढण्याच्या विरोधात लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या आईची पिशवी १५ वर्षांपूर्वी काढली आणि ती आजही शेतात जाते. आपल्याकडे मजुरीवर जगणाऱ्या बाईला सहा महिन्यांनी या, वर्षाने या, असे सांगून काय उपयोग? एका तपासणीचा अर्थ एका दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्याचाही दिवस. दिवाळीनंतर निम्मे गाव ऊसतोडीला जाते, त्या बाईला तारीख कोण लक्षात ठेवून देणार? एकदाच काय ते करून मोकळे व्हावे, असे तिला वाटले तर ते चूक कसे? शहरातल्या बायकांना जे परवडते ते सर्वांना परवडते असे धरून सल्ला देऊ नये.

सातपुडा_सेविका, धडगाव

दादा, तुमचा प्रश्न खरा आहे आणि मी तो रोज पाहते. मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. आमच्या पाड्यांवरून घाट उतरून नंदुरबारला जाऊन यायचे म्हणजे पूर्ण दिवस जातो. कुटुंबे गुजरातमध्ये किंवा उसाच्या फडावर गेली की फोनही लागत नाही. पाठपुरावा तुटतो आणि त्यामुळे स्त्रिया मरतात, हे मी नाकारत नाही.

परंतु ज्या ऊसतोड मजूर स्त्रियांचे तुम्ही उदाहरण दिले, त्यांच्याच बाबतीत काय झाले तेही पाहावे. बीड जिल्ह्यात तरुण वयात पिशव्या काढल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरे पाणी जाते, कंबर दुखते, एवढ्या कारणावरूनही स्त्रियांना कर्करोगाची भीती घालण्यात आली होती. शस्त्रक्रियेसाठी उचल घ्यायची आणि ती फेडण्यासाठी पुन्हा फडावर जायचे, यात मोकळे होणे कोठे आले?

फेऱ्या कमी करण्याचा दुसरा मार्ग आहे. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा ‘व्हीआयए’ तपासणी, म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहणे, करायची असते. आशाताई घरी येऊन ३० वर्षांवरील प्रत्येकीचा सीबॅक फॉर्म (आजारांच्या धोक्याची प्रश्नावली) भरतात, तो याचसाठी. ॲसिटिक ॲसिड लावल्यानंतर डाग दिसला आणि तो थर्मल ॲब्लेशनला (उष्णतेने बिघडलेला भाग जाळण्याला) योग्य असेल, तर प्रशिक्षित व्यक्ती आणि यंत्र जेथे आहे तेथे त्याच भेटीत उपचार होऊ शकतो. १०० अंश तापलेला छोटा गोल भाग गर्भाशयमुखावर २० ते ३० सेकंद टेकवतात, एवढेच. यंत्र हातात मावते आणि बॅटरीवर चालते. हे यंत्र प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असावे, अशी मागणी आपण सर्वांनी करायला हवी. बाईचा अवयव काढून रस्त्याची आणि एसटीची अडचण सोडवणे मला पटत नाही.

जुने_गाव, पारोळा

उचल घेऊन शस्त्रक्रिया करण्याचा मुद्दा मला पटला. एकाच भेटीत उपचार होत असेल तर माझी हरकत नाही. पण तो होतो का, हाच प्रश्न राहतो.

पांझराकाठचा_डॉक्टर, धुळे

जुने_गाव यांच्या मुद्द्याला वैद्यकीय बाजूनेही उत्तर देणे आवश्यक आहे, कारण ‘एकदाच काय ते’ ही समजूत धोक्याची आहे. बायॉप्सी न करता पिशवी काढली आणि नंतर तपासणीत आत कर्करोग निघाला, तर झालेली साधी शस्त्रक्रिया अपुरी ठरते. कर्करोगासाठीची शस्त्रक्रिया निराळ्या पद्धतीची आणि अधिक विस्ताराची असते. आधी अपुरी शस्त्रक्रिया झाल्यावर पुढचा उपचार अवघड होतो आणि किरणोपचाराची वेळ येऊ शकते.

दुसरे, गंभीर पूर्वबदलांसाठी पिशवी काढली तरी विषाणू योनिमार्गाच्या वरच्या टोकाशी राहू शकतो, म्हणून त्या स्त्रियांनाही पुढे तपासणी करावीच लागते. म्हणजे फेऱ्या चुकत नाहीत. तिसरे, पिशवीबरोबर अंडाशयेही काढली गेली तर चाळिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. सौम्य बदलांपैकी बहुतांश बदल आपोआप जातात. जो बदल शरीर स्वतः दुरुस्त करणार आहे, त्याच्यासाठी ही किंमत देण्याचे कारण नाही.

पिशवी कधीच काढू नये असे मी म्हणत नाही. उपचारानंतरही गंभीर बदल परत आले, पुन्हा छोटी शस्त्रक्रिया करणे शक्य नसले, किंवा गाठी आणि अतिरक्तस्रावासारखे दुसरे सबळ कारण सोबत असले, तर तो निर्णय योग्य असू शकतो. तो बायॉप्सीनंतरचा निर्णय असावा.

गोमाई, शहादा

माझा अनुभव एलएसआयएलचा नाही, त्यापुढचा आहे, म्हणून लिहिते. माझ्या स्मिअरमध्ये एचएसआयएल आले आणि बायॉप्सीत सीआयएन ३, म्हणजे पूर्वबदलांची सर्वांत गंभीर पायरी. या अवस्थेकडे दुर्लक्ष मात्र करता येत नाही. मला डॉक्टरांनी न्यूझीलंडमधल्या एका जुन्या अभ्यासाविषयी सांगितले होते. तेथे सीआयएन ३ असूनही पुरेसा उपचार न मिळालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांना पुढील ३० वर्षांत कर्करोग झाला. हा आकडा ऐकल्यावर मी तारीख पुढे ढकलण्याचा विचार सोडून दिला.

माझ्यावर ‘लीप’ हा उपचार झाला. गर्भाशयमुखात इंजेक्शन देऊन जागा बधिर केली आणि विजेवर तापणाऱ्या बारीक तारेच्या फासाने बिघडलेला भाग कापून काढला. धुराचा वास आला, यंत्राचा आवाज आला, पोटात पाळीसारखी कळ आली. संध्याकाळी मी घरी होते. त्रास नंतरच्या दिवसांत झाला तो घरातल्या समजुतींमुळे. वरून टाका दिसत नाही, त्यामुळे काही झालेच नाही असे सर्वांना वाटते. हंडा उचलायचा नाही, जड काम करायचे नाही, साधारण महिनाभर संबंध ठेवायचे नाहीत, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले होते. तो कागद मी स्वयंपाकघरात सर्वांना दिसेल असा लावला. दहा-बारा दिवसांनी थोडे रक्त गेले. खपली सुटताना असे होऊ शकते, हे आधी माहीत असल्याने मी शांत राहिले. पॅड तासाभरात भिजू लागले, दुर्गंधी आली किंवा ताप आला तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा, असे सांगितले होते.

काढलेल्या भागाच्या कडा मोकळ्या आल्या, म्हणजे कडेला बिघडलेल्या पेशी नव्हत्या. त्यानंतर मी नियमित तपासणी करते आणि पुढे अनेक वर्षे करत राहणार आहे. ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण या उपचाराने मुदतपूर्व प्रसूतीचा धोका थोडा वाढू शकतो आणि किती खोल भाग काढायचा हे त्यानुसार ठरवतात.

वैद्यकी_प्रेमी, चाळीसगाव

मुळ्या आणि काढे घेऊन हा विषाणू निघून जातो असे आमच्याकडे सांगतात. कोणी करून पाहिले आहे का?

सातपुडा_सेविका, धडगाव

दादा, सौम्य बदल काहीही न घेता जातात, त्यामुळे त्या काळात जे घेतले असेल त्याला श्रेय मिळते. एचपीव्ही नष्ट करणारे सिद्ध झालेले औषध आज कोणत्याही पॅथीत नाही. योनिमार्गात कोणतीही मुळी, तुरटी किंवा चूर्ण ठेवू नये. त्यामुळे झालेल्या जखमा मी पाहिल्या आहेत. सिद्ध झालेली एक गोष्ट आपल्या हातात आहे: विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांमध्ये हा धोका वाढतो, त्यामुळे ती बंद करावी. मशेरीने तोंडाचा कर्करोग होतो, तीही त्याच दिवशी सोडावी.

नर्मदाबाईंची_सून, साक्री

माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. त्यांचा रिपोर्ट एएससी-यूएस आला. पाळी जाऊन आठ वर्षे झाली. या वयातही हे होते का? गावातल्या शिबिरात त्यांची व्हीआयए तपासणी करू नका म्हणून परत पाठवले, याचाही उलगडा होत नाही.

पांझराकाठचा_डॉक्टर, धुळे

ताई, शिबिरात त्यांनी योग्य तेच केले. पाळी गेल्यानंतर गर्भाशयमुखाचा जो भाग पाहायचा असतो तो आतल्या मार्गात सरकतो, त्यामुळे डोळ्यांनी पाहून केलेली व्हीआयए या वयात भरवशाची राहत नाही. स्मिअरबाबत सांगायचे तर हार्मोन कमी झाल्याने तेथील त्वचा पातळ व कोरडी होते आणि अशा पेशी कधी कधी संशयास्पद दिसतात. एचपीव्ही तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांना योग्य वाटल्यास काही आठवडे इस्ट्रोजेनचे क्रीम देऊन स्मिअर पुन्हा घेतात. मात्र पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त गेले असेल, तर रिपोर्ट कसाही असो, लगेच तपासून घ्यावे. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे आणि दुर्गंधीयुक्त स्राव यांनाही हेच लागू आहे.

काचपट्टी, भुसावळ

एचपीव्ही तपासणीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. आपल्याच राज्यात उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी करून, गरज असलेल्यांवर उपचार केल्याने त्या गटातील गर्भाशयमुख कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या व्हीआयएमुळे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आपल्याकडच्या खेड्यातल्या आणि वस्तीतल्या स्त्रियांनी दिलेल्या नमुन्यांवर जगाची धोरणे ठरली आहेत, आणि आपल्याच जिल्ह्यांत रिपोर्ट आल्यावर बायका तो लपवतात, याचे मला फार वाईट वाटते.

शिरपूरची_लेक

माझी भाची १२ वर्षांची आहे. तिला लस द्यावी का? आणि बहिणीने आता लस घेतली तर तिचा बदल बरा होईल का?

पांझराकाठचा_डॉक्टर, धुळे

भाचीला अवश्य द्यावी; ९ ते १४ हे वय सर्वांत योग्य आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध आहे आणि ती ६, ११, १६ व १८ या प्रकारांपासून संरक्षण देते. बहिणीच्या बाबतीत, लस आधीच झालेला संसर्ग किंवा पेशींतील बदल बरा करत नाही. तिच्यासाठी कॉल्पोस्कोपीच महत्त्वाची आहे. लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करायची असते.

बोरीकाठ, अमळनेर

सर्वांचे मनापासून आभार. जाऊबाईंची कॉल्पोस्कोपी झाली आणि बायॉप्सीत सीआयएन १ आले आहे. सध्या उपचार नको, वर्षाने एचपीव्ही तपासणी करा, असे सांगितले आहे. जाण्यापूर्वी हा धागा मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि सासूबाईही बसून ऐकत होत्या. गोमाईताईंचा अनुभव ऐकून सासूबाईंनी विचारले, ‘मंग हिले ते तीन नंबरनं नही ना?’ नाही म्हटल्यावर पिशवीचा विषय त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला. आता त्यांची स्वतःची तपासणी आयुष्यात एकदाही झालेली नाही, हे बोलण्यातून निघाले आहे आणि त्यांना तयार करण्याचे काम जाऊबाईंनीच अंगावर घेतले आहे.

एक शंका उरली आहे. वर्षानंतर आम्ही दुसऱ्या रुग्णालयात गेलो तर सर्व तपासण्या पुन्हा कराव्या लागतील का?

काचपट्टी, भुसावळ

त्याची गरज पडू नये, पण कागद जपले पाहिजेत. मूळ स्मिअरचा रिपोर्ट, कॉल्पोस्कोपीचे टिपण आणि बायॉप्सीचा रिपोर्ट अशा तिन्हींच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवा आणि फोनमध्ये फोटो काढून दोघींकडे असू द्या. बायॉप्सीचा तुकडा प्रयोगशाळेत मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. दुसऱ्या डॉक्टरांना शंका वाटली तर बायॉप्सीच्या रिपोर्टवरील क्रमांक दाखवून ठोकळा किंवा काचपट्ट्या फेरतपासणीसाठी मागता येतात. तुकडा पुन्हा घ्यावा लागत नाही.

सातपुडा_सेविका, धडगाव

आणि पुढच्या तपासणीचा महिना आशाताईंच्या वहीत आजच लिहून घ्या. आमच्याकडे आम्ही ती तारीख आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास ठेवतो, कारण तेव्हा लेकी माहेरी आलेल्या असतात, कामाला बाहेरगावी गेलेली कुटुंबे बहुतेक परतलेली असतात आणि आईच्या सोबतीने बाई तपासणीला न लाजता येते. पुढे कधी भरती होऊन उपचार करण्याची वेळ आलीच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो बसतो का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्रांना पैसे भरण्यापूर्वी विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्यावे.